वाचकांचे प्रश्न : संडासचा खड्डा, सेप्टिक टाकी आणि फवारणीच्या रिकाम्या बाटल्या

गेल्या अंकात या सदरात गावच्या सांडपाण्यावर लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे सांडपाण्याऐवजी संडासाविषयी होती आणि दोघा-तिघांनी प्रश्न विचारण्याआधी ‘विषय घाण आहे, क्षमा असावी’ असे लिहिले होते. गाडगेबाबांच्या अमरावती जिल्ह्यातून आलेल्या पत्रात तरी हे वाक्य नको होते. पत्रे येथे थोडक्यात दिली आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या इच्छेवरून नावे गाळून केवळ तालुका दिला आहे.

प्रश्न (तालुका दर्यापूर) : आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यात, भारी काळ्या जमिनीत आहे. अनुदानातून दोन खड्ड्यांचा संडास बांधला. उन्हाळाभर ठीक चालतो, पण श्रावण लागला की भांड्यातले पाणी उतरत नाही आणि खड्ड्याच्या झाकणाच्या कडेने पाणी वर येते. गवंडी म्हणतो की आतून सिमेंटचे प्लास्टर करून खड्डा पक्का करून टाकू. करावे का?

उत्तर : करू नये. हा संडास चालतो कसा हे एकदा पाहिले की गवंड्याचा सल्ला कुठे चुकतो ते आपोआप कळते.

भांड्याला तीव्र उतार असतो आणि त्याच्या मानेत सुमारे २० मिलिमीटर पाणी कायम साचलेले राहते, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो आणि वास किंवा माशी वर येत नाही. पुढे एक लहानसे चेंबर असते, त्यातून दोन खड्ड्यांकडे दोन वाटा फुटतात आणि त्यांपैकी एक वाट नेहमी बंद ठेवायची असते. खड्ड्याची भिंत जाळीदार विटकामाची आणि तळ उघड्या मातीचा असतो. पाणी आणि लघवी त्या जाळीतून मातीत झिरपते, वायूही मातीतच मुरतो आणि म्हणूनच या खड्ड्याला हवेचा पाइप लागत नाही. मागे उरतो तो गाळ, माणशी वर्षाला साधारण ४५ लिटर. पाच माणसांच्या घराचा तीन वर्षांचा गाळ ६७५ लिटर होतो, आणि एक मीटर व्यासाच्या, एक मीटर उपयोगी खोलीच्या खड्ड्यात ७८५ लिटर मावतात. सरकारी नकाशातली मापे या हिशेबातून आलेली आहेत. आतून प्लास्टर केले की झिरपणे बंद झाले, आणि हाती राहिली ती एक लहानशी टाकी, जी पाच माणसांनी वापरलेल्या पाण्यानेच दोन-तीन आठवड्यांत काठोकाठ भरेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या गावच्या घरी मी कामानिमित्त बाहेर असताना गवंड्याने मोठ्या आपुलकीने, जादा पैसे न घेता, खड्डा आतून घोटून गुळगुळीत करून दिला होता आणि वर ‘साहेब, आता पन्नास वर्षे बघायला नको’ असेही सांगितले होते. महिनाभरातच पाहुण्यांसमोर भांडे तुंबले. ते प्लास्टर छन्नीने फोडायला जी मजुरी लागली तिच्यात दुसरा खड्डा झाला असता. ‘पक्के’ या शब्दावर आपला फार जीव आहे, आणि दोन खड्ड्यांच्या संडासाचे जेवढे नुकसान या शब्दाने केले तेवढे दुसऱ्या कशाने केले नसेल.

मूळ शोध साधा आहे. लखनौच्या नियोजन संशोधन संस्थेने १९५८ च्या सुमारास कमी पाण्याचे भांडे बसवून पाहिले. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्या पद्धतीने खताच्या संडासाचे प्रयोग केले. आणि १९७० मध्ये बिंदेश्वर पाठक यांनी पाटण्यात सुरू केलेल्या सुलभ संस्थेने दोन खड्ड्यांची रचना घरोघर नेली. ही रचना सगळ्या जमिनींत सारखी चालत नाही, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. आपली काळी जमीन पाणी लागले की फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी आत घेत नाही; पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात तर मातीतल्या क्षारांमुळे निचरा आणखी मंद होतो.

त्यावर उपाय आहे. खड्ड्याच्या भिंतीबाहेर सगळीकडून ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर रुंदीचा रेती, बारीक गिट्टी किंवा भरड मुरुमाचा वेढा द्यावा. त्यामुळे पाणी झिरपायला मोठा पृष्ठभाग मिळतो आणि फुगणारी माती थेट विटांवर रेटा देत नाही. हे काम फाल्गुन-चैत्रात, जमीन कोरडी असताना करावे. वापरात नसलेल्या खड्ड्यापासून सुरुवात करावी आणि खणतानाही चारी बाजू एकदम उघड्या पाडू नयेत, नाहीतर जाळीदार भिंत आत बसते. खड्ड्याचा काठ जमिनीपासून वीतभर उंच घ्यावा, झाकणाभोवती मातीचा उतार करावा आणि पत्र्यावरचे किंवा कवेलूवरचे पाणी तिकडे येऊ देऊ नये.

आणखी दोन गोष्टी स्वतः पाहा, कारण पत्रात त्या नाहीत. पहिली, नहाणीचे पाणी त्याच खड्ड्यात सोडले आहे का? सोडले असेल तर कोणतीही जमीन ते पचवणार नाही. त्याला वेगळा शोषखड्डा हवा किंवा ते सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, केळीला जाऊ द्यावे. दुसरी, चेंबरचे झाकण उचलून आत डोकवा. दोन्ही वाटा उघड्या दिसल्या तर दोन्ही खड्डे एकदमच भरत आहेत. एका वाटेत विटेचा तुकडा आणि गोणपाटाचा बोळा बसवून वरून मातीगाऱ्याने लिंपून टाका. सिमेंट लावू नका, कारण तीन वर्षांनी तो बोळा काढून दुसरीकडे लावायचा आहे.

प्रश्न (तालुका घाटंजी) : आमचा एक खड्डा भरून बंद केला, त्याला येत्या दिवाळीला दोन वर्षे होतील. आतले खत काढायला गावात कोणी तयार नाही आणि घरातलेही नाक मुरडतात. ते खरेच निर्धोक असते का? आणि पऱ्हाटीला (कपाशीला) घालता येईल का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर होय असे आहे, मात्र खड्डा खरोखर बंद होता, ही अट आहे.

मैल्यातले बहुतेक रोगजंतू शरीराबाहेर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरतात. सर्वांत चिवट असतात ती पोटातल्या गोल जंतांची अंडी. या जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते आणि त्या अंड्याचे कवच इतके टणक असते की ओल्या, थंड मातीत ते दीर्घकाळ टिकते. त्याला मारतात तीन गोष्टी : उष्णता, कोरडेपणा आणि वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २० ते ३५ अंश तापमानात मैला एक वर्षाहून अधिक काळ साठवला तर तो वापरण्याजोगा होतो, आणि थंड प्रदेशात त्याला दीड ते दोन वर्षे द्यावी लागतात. घाटंजीच्या उन्हाळ्याबद्दल आपल्याला मी काय सांगावे! तरीही पावसाळ्यात खड्ड्यात ओल राहते हे धरून दोन वर्षांचा काळ पाळावा. हे दिवस मोजायचे ते वाट बंद केल्यापासून. अधूनमधून ताजा मैला येत राहिला असेल तर मोजणी सुरूच झालेली नाही.

असा खड्डा उघडताना मी अनेकदा हजर राहिलो आहे. झाकण सरकवताच सगळे चार पावले मागे जातात आणि मग काहीच होत नाही, म्हणून हळूहळू पुढे येतात. आत काळपट तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा भुरभुरीत थर दिसतो आणि वास येतो तो पहिल्या पावसाच्या मातीचा. फावडे मारले की कधी एखादा गांडूळ निघतो. एका गावात एक म्हातारी पुढे झाली, तिने चिमूटभर खत तळहातावर घेऊन चोळले, नाकाशी धरले आणि ‘हे तं शेणखतच हाय’ एवढे म्हणून घरात निघून गेली. त्यानंतर तिच्या मुलांना नाही म्हणायला जागा राहिली नाही.

नाक मुरडण्यामागे वासाखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते आपण सगळे जाणतो : हे काम कोणत्या जातीचे, हा विचार. पवनारहून विनोबा खांद्यावर फावडे घेऊन शेजारच्या सुरगावात मैला उचलायला जात, ते हा विचार मोडण्यासाठीच. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर यांनी शेजारच्या तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावी खड्ड्यात उतरून स्वतः खत काढले होते. तेव्हा घाटंजीत घरच्याच माणसाने काढायला काही हरकत नसावी. हातमोजे आणि गमबूट घालावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि खत आठवडाभर उन्हात पसरून ठेवावे.

पऱ्हाटी, तूर, ज्वारी किंवा फळझाडे यांच्यासाठी पेरणीआधी मातीत मिसळून ते वापरावे. पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा असे जे कच्चे खाल्ले जाते किंवा मातीला टेकते, त्याला घालू नये. फार अपेक्षा मात्र ठेवू नका. एका खड्ड्यातून एक बंडीसुद्धा पुरती भरणार नाही. जुनी माणसे याला सोनखत म्हणत, ते भाव पाहून म्हणत नसावीत.

प्रश्न (तालुका वणी) : आमच्या घरी पंधरा वर्षांपूर्वी बारा बाय दहा फुटांची सेप्टिक टाकी बांधली. एकदाही उपसलेली नाही. आता पाणी तुंबते. एक जण म्हणतो, शेण आणि गूळ टाका, आपोआप साफ होईल. दुसरा म्हणतो, रात्री माणूस उतरवून साफ करून देतो, आधी कंदील सोडून हवा पाहतो. काय करावे?

उत्तर : माणूस उतरवू नये. दिवसा नाही, रात्री नाही, कंदील सोडूनही नाही. बाकीचे उत्तर नंतर वाचले तरी चालेल.

टाकीत कुजण्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि लोक त्या वासावर विसंबतात. पण हवेतले त्याचे प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मंदावते, म्हणजे ‘वास गेला’ असे वाटते तेव्हाच धोका वाढलेला असतो. हजारात एक भाग एवढे प्रमाण झाले तर माणूस काही श्वासांतच कोसळतो. कंदिलाची ज्योत विझते ती प्राणवायू बराच कमी झाल्यावर. हजारात एक भाग विषारी वायूने ती हलतसुद्धा नाही. उलट मिथेन साचलेला असेल तर त्याच ज्योतीने भडका उडतो. आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडण्याची रीत आहे आणि तिचा उपयोग मर्यादित का होईना आहे, पण ती येथे आणणे घातक ठरते. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत एकाच टाकीत दोघे-तिघे दगावलेले दिसतात ते अशाच कारणाने : पहिला पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो. कोणी पडलेच तर वरून दोर आणि हवा द्यावी, ११२ वर फोन करावा, पण आत उडी घेऊ नये.

कायद्याचीही बाजू आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांविना टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अशा कामात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे. ‘रात्री करून देतो’ या शब्दांतच त्या गृहस्थाला हे सारे ठाऊक असल्याचे दिसते.

आता टाकीविषयी. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये ज्याँ-लुई मूरास यांनी घराजवळ बंद हौद बांधला आणि त्यातला मैला अपेक्षेहून फार कमी साचतो असे त्यांना आढळले. पुढे १८९५ च्या सुमारास इंग्लंडातल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमरन यांनी तशा टाकीला सेप्टिक टँक हे नाव दिले. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पुढच्या कप्प्यात जाते. गाळ कुजून कमी होतो, पण संपत नाही. तो दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर बसायला जागाच उरत नाही आणि मैला पाण्याबरोबर बाहेर पडू लागतो. टाकी एवढी मोठी बांधायची की नातवंडांच्या लग्नापर्यंत झाकण उघडावे लागू नये, अशी आपल्याकडे प्रतिष्ठेची कल्पना आहे. त्या कल्पनेची पंधरा वर्षे आपल्या टाकीत साचली आहेत.

शेण आणि गूळ यांची गरज नाही. लागणारे जिवाणू मैल्यातच असतात, आणि पंधरा वर्षांचा बसलेला गाळ कशानेही विरघळत नाही. सक्शन टँकर बोलवा. झाकणे काही तास आधी उघडून ठेवा, जवळ विडी पेटवू देऊ नका, मुलांना आणि ढोरांना लांब ठेवा, आणि नळी वरूनच सोडायला सांगा. घट्ट झालेला गाळ पाण्याच्या माऱ्याने सैल करता येतो. तळाशी थोडा गाळ राहिला तर राहू द्यावा, त्यातले जिवाणू पुढच्या कामी येतात. शेवटचा थर खरवडण्यासाठी माणूस उतरवण्याचे काहीच कारण नाही. केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र काढले, ते शहरातल्या गटारांच्या मॅनहोलमधला गाळ उचलते. घरच्या टाकीला एवढा सरंजाम नको, टँकर पुरतो.

टँकरवाल्याला एक प्रश्न मात्र अवश्य विचारा : रिकामा कुठे करणार? गावाबाहेरच्या नाल्यात ओतला तर आपल्या घरची घाण दुसऱ्याच्या विहिरीजवळ नेल्यासारखे होते. वाई आणि सिन्नर येथे मैला-गाळावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभी राहिली आणि त्यानंतर इतरही लहान नगरपरिषदांनी गाळ वाळवण्याचे वाफे बांधले. जवळच्या नगरपरिषदेत चौकशी करावी.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी निवळ दिसले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. ते नालीत सोडू नये, शोषखड्ड्यात सोडावे. जागा असेल तर गिट्टीच्या वाफ्यात कर्दळ आणि पाणकणीस लावून त्यातून ते जाऊ द्यावे. नागपूरच्या नीरी संस्थेने ‘फायटोरिड’ या नावाने हीच कल्पना पद्धतशीर विकसित केली आहे.

प्रश्न (तालुका चिखली) : बाजारात ‘जैव टाकी’ विकायला आली आहे. रेल्वेत बसवतात तीच, आणि तिच्यातले जिवाणू मैला नाहीसा करतात असे विक्रेता सांगतो. घ्यावी का?

उत्तर : मूळ संशोधन भारदस्त आहे. सियाचेनसारख्या ठिकाणी मैला थंडीने कुजतच नाही, म्हणून संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने थंडीतही काम करणारे जिवाणू शोधून ही टाकी तयार केली आणि पुढे ती रेल्वेच्या डब्यांखाली गेली. मैला त्यात बऱ्याच अंशी वायू आणि पाणी होतो, पण ते पाणी शिल्लक राहतेच आणि त्याला शोषखड्डा लागतोच. जागा अगदी कमी असेल किंवा खाली खडक असेल तर विचार करावा. एरवी ४५ अंशांच्या मे महिन्यात सियाचेनचे जिवाणू विकत घेण्याची निकड मला दिसत नाही. घेतलीच तर भांड्यात ॲसिड ओतू नये.

प्रश्न (तालुका आर्णी) : आमच्या हातपंपापासून संडासचा खड्डा किती लांब हवा?

उत्तर : १० मीटर, म्हणजे ३३ फूट, धरून चाला. माती बारीक कणांची असेल आणि खड्ड्याच्या तळाखाली दोन मीटरपर्यंत पाणी लागत नसेल तर याहून कमी अंतर चालते, पण पावसाळ्यात पाणी किती वर येते हे मोजल्याखेरीज त्या सवलतीचा आधार घेऊ नये.

प्रश्न (तालुका पांढरकवडा) : फवारणीच्या रिकाम्या बाटल्या धुऱ्यावर साचल्या आहेत. काही लोक जाळतात, काही भंगारात देतात, काही तेलाला वापरतात. शिवाय पंप धुतलेले पाणी कुठे टाकावे? परदेशात यासाठी काही शोध लागला आहे का?

उत्तर : यवतमाळ जिल्ह्याला हे विष काय करू शकते ते सांगावे लागत नाही. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात होती.

रिकामी दिसणारी बाटली रिकामी नसते. दाट औषध तिच्या कडांना आणि बुडाला चिकटून राहते. म्हणून बाटली संपताक्षणी, वावरातच, तिच्यात पाव भाग पाणी घालून झाकण लावावे, अर्धा मिनिट जोराने हलवावे आणि ते पाणी फवारणीच्याच पंपात ओतावे. असे तीन वेळा करावे. घरी नेऊन सायंकाळी धुतो म्हटले तर औषध वाळून बसते आणि धुतलेले पाणी मोरीत जाते. यात फुकट घालवलेले औषधही कामी येते, हा भाग शेतकऱ्याला लवकर पटतो. नंतर बाटलीला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे कोणी तेलाला वापरणार नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही अशी वेष्टने पुन्हा वापरू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत असे सांगितले आहे. जाळू तर मुळीच नयेत. उघड्या आगीच्या तापमानात औषध आणि प्लास्टिक पुरते जळत नाही, त्यांचा धूर होतो आणि तो जाळणाऱ्याच्या छातीत जातो.

पंप धुतलेल्या पाण्यासाठी शोध आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही याचे मला नवल वाटते. स्वीडनमध्ये १९९३ च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी ‘बायोबेड’ तयार झाला. आपण त्याला जैववाफा म्हणू. पंप जिथे भरतात आणि धुतात त्या जागी सुमारे ६० सेंटिमीटर खोल खड्डा घेतात, तळाशी चिकणमातीचा थर देतात, त्यावर निम्मे गव्हाचे काड, पाव भाग दलदलीतली कुजकी माती आणि पाव भाग शेतातली माती असे मिश्रण भरतात आणि वर गवत लावतात. काडातला चिवट भाग कुजवणारी पांढरी बुरशी जी विकरे सोडते, ती त्या चिवट भागाबरोबर कीटकनाशकांचे रेणूही तोडते. माती औषधाला धरून ठेवते, म्हणजे बुरशीला वेळ मिळतो. गवत ओल सांभाळते. इंग्लंडात दलदलीच्या मातीऐवजी कंपोस्ट वापरून हेच केले जाते. कंपोस्ट, गव्हाचे काड आणि काळी माती या तिन्ही गोष्टी पांढरकवड्यात विकत आणाव्या लागणार नाहीत. तळाच्या चिकणमातीची तर आपल्याकडे रेलचेल आहे : पहिल्या पत्रात जी जमीन पाणी पीत नाही म्हणून तक्रार होती, ती येथे नेमकी तोच गुण घेऊन उपयोगी पडते.

मर्यादा मात्र स्पष्ट ठेवाव्यात. वाफ्यावर पत्र्याचे छप्पर हवे, नाहीतर आषाढातल्या पावसात सारे वाहून जाईल. तो सांडलेल्या थेंबांसाठी आणि धुतलेल्या पाण्यासाठी आहे. मुदत संपलेली अर्धी बाटली त्यात ओतली तर बुरशीच मरेल. आणि तांबे त्यात तुटत नाही, कारण ते मूलद्रव्य आहे. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, वापरून बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करणाऱ्या वरूड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांनी ते पाणी वाफ्यात सोडले तर तांबे वर्षानुवर्षे साचत जाईल. विहीर, बोडी (लहान तळे) आणि गोठा यांच्यापासून वाफा लांब ठेवावा, आणि त्यातली दबलेली माती बदलताना ती भाजीच्या वाफ्यात घालू नये.

मुदत संपलेले औषध मूळ बाटलीतच, लेबल न काढता, कुलपात ठेवावे आणि विक्रेता व कृषी सहायक यांच्याकडे परत घेण्याचा आग्रह धरावा. अशा घातक कचऱ्यासाठी नागपूरजवळ बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत चिकणमाती आणि जाड प्लास्टिकच्या थरांवर बांधलेल्या सुरक्षित भरावाची सोय आहे. पण ती कारखान्यांसाठी चालते, आणि शेतकऱ्याची एक बाटली गावातून तिथवर नेईल अशी व्यवस्था उभी राहिलेली नाही. ग्रामसभेत मागण्यासारखी ही गोष्ट आहे.

प्रश्न (तालुका तिरोडा) : घरी वडिलांना इन्सुलिन चालू आहे. सुया संडासच्या खड्ड्यात टाकल्या तर चालतील का? सॅनिटरी पॅडचे काय करावे?

उत्तर : सुया खड्ड्यात टाकू नयेत, दोन वर्षांनी खत काढणारा हात आपल्याच घरातला असेल. फिनाइलची जाड प्लास्टिकची बाटली घ्यावी, वापरलेली सुई टोपण न लावता थेट तीत टाकावी, बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार टोकदार वस्तूंसाठी तिथे न टोचला जाणारा पांढरा डबा ठेवावाच लागतो. पॅडमधली जेल पाणी पिऊन फुगते आणि प्लास्टिक कुजत नाही, म्हणून तेही भांड्यात जाऊ नये. कागदात गुंडाळून वेगळे द्यावे. पॅड जाळण्याची लहान विजेची यंत्रे शाळांतून दिसतात, पण दवाखान्यांच्या भट्टीत धूर पुन्हा १,०५० अंशांच्या आसपास जाळला जातो तसा तो त्यांत जळत नाही. धुऊन उन्हात वाळवता येणारे कापडी पॅड हा सध्या तरी अधिक सरळ मार्ग आहे.

प्रश्न (तालुका सेलू, जिल्हा वर्धा) : आमच्याकडे दोन घनमीटरचे गोबरगॅस संयंत्र आहे. त्याला संडास जोडण्याचा विचार आहे. गॅस किती वाढेल? आजी म्हणते की त्या गॅसवर देवाचा नैवेद्य होणार नाही.

उत्तर : गॅस फार वाढणार नाही. दोन घनमीटर गॅससाठी रोज सुमारे ५० किलो शेण लागते. पाच माणसांच्या मैल्यातून दिवसाला जेमतेम ०.१५ घनमीटर गॅस मिळेल, म्हणजे एक शेगडी वीस मिनिटे चालेल. फायदा आहे तो दुसराच : वेगळा खड्डा किंवा सेप्टिक टाकी बांधावी लागत नाही आणि मैला बंद जागेत कुजतो. कल्पना नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्यातून निघालेल्या गॅसवर इंजिन चालवले गेले होते.

जोडताना संडासाची नळी शेण कालवण्याच्या हौदात आणू नये. ती स्वतंत्र वाटेने थेट पाचकात, म्हणजे गॅस तयार होतो त्या बंद टाकीत, सोडावी, म्हणजे मैल्याला कोणाचा हात किंवा डोळा लागत नाही. भांडे कमी पाण्याचेच हवे. बादलीभर पाणी ओतण्याची सवय असेल तर आतले मिश्रण पातळ होऊन गॅस उलट घटतो. बाहेर येणाऱ्या स्लरीत जंतांची सगळी अंडी मेलेली नसतात, म्हणून ती ओलीच भाजीपाल्याला देऊ नये. काडीकचऱ्याबरोबर कुजवून, वाळवून मग पऱ्हाटीच्या किंवा उसाच्या शेतात टाकावी.

आजींच्या आक्षेपाबद्दल : शेणातून आलेला मिथेन आणि मैल्यातून आलेला मिथेन यांत रसायनशास्त्राला काहीही फरक सापडत नाही, आणि शेगडीपर्यंत तर तो एकच होऊन येतो. पण नैवेद्य कशावर करावा, हे ठरवण्याचा अधिकार आजींचा आहे. सांदवाडीत एक चूल राहू द्यावी आणि तेवढे पुरण तिच्यावर शिजवावे; त्याने संयंत्राचे काही बिघडत नाही.